मदत हवी आहे: ग्लायडरवरून सेसनावर आलोय, पाय ऐकत नाहीत

मंडळी, पुण्यात हडपसरला विंचने (दोर ओढणाऱ्या यंत्राने) वर जाणारा ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, शिकलो. आता सीपीएलच्या (व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या) २०० तासांसाठी सेसना १७२ या एका इंजिनाच्या विमानावर बसतोय. ग्लायडरच्या काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा तिरका झाला की पाय आपोआप हलायचा. इथे धागा नाही, विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी पॅनेलवरची गोळी बघायची. त्यात फुल पॉवर दिली की नाक डावीकडे पळतं, आणि उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा, पायाने चालणारा शेपटीचा भाग) द्यायला मला दर वेळी उशीर होतो. (सर ओरडतात ते वेगळंच.) उतरताना तर गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) सुचतच नाही, ग्लायडरला कुठली दुसरी संधी!

दोन्ही उडवलेल्यांनो, ही सवय कशी मोडलीत? पुढे पायपरसारख्या, पंख खाली असलेल्या विमानावर गेलो तर फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलताना) किती फरक जाणवतो?