12 गाई, पण धार 7 गाईंचीच. गोठा परवडेल कसा?

रवंथ:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे 12 संकरित गाई आहेत. सध्या धार सात गाईंचीच निघते, रोज 90 लिटरच्या आसपास. दूध अगदीच कमी नाही, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही. मागच्या वर्षी खर्च वाचवायचा म्हणून भाकड गाईंचा खुराक बंद केला, त्यांना नुसती कोरडी वैरण. उपयोग झाला नाही. उलट त्यातल्या दोन व्यायल्यापासून खंगल्यात आणि माजावरच येत नाहीत. आता एक विक्रेता मागे लागलाय की मिथेन कमी करणारी पावडर घाला, पर्यावरणही राखलं जाईल आणि गोठाही फायद्यात येईल. घालू का? की चांगल्या दुधाच्या आणखी दोन गाई घेऊ?

पहाटेची_धार:
दादा, आत्ता दोन्ही नको. आधी हे सांगा, प्रत्येक गाय शेवटची कधी व्यायली, आणि त्याआधी कधी?

माझ्याकडे 9 गाई होत्या तेव्हा मला वाटायचं, सगळं तोंडपाठ आहे. एकदा सासऱ्यांनी विचारलं, ही तांबडी कधीपासून भाकड? मी म्हटलं, तीन महिने झाले असतील. दुधाची जुनी वही काढली तर सात महिने झालेले! त्या दिवसापासून गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारखा लिहिते.

हिशेब बघा. गाय गाभण राहिल्यापासून साधारण 280 दिवसांनी विते. व्यायल्यावर तीनेक महिन्यांत पुन्हा गाभण राहिली तर दोन वेतांतलं अंतर 12-13 महिने. शेवटचे 60 दिवस आटवायचे, बाकी दूध. हेच अंतर 16 महिन्यांवर गेलं की दूध काही तेवढं टिकत नाही. 16 महिन्यांत 10 महिने दूध धरलं तर 12 पैकी सात-आठ गाई दुधात, म्हणजे नेमका तुमचाच आकडा. 13 महिन्यांत 11 महिने धरलं तर दहा गाई दुधात. ज्या दोन गाई विकत घ्यायला निघालात त्या तुमच्याच दावणीला उभ्या आहेत.

मिथेनचंही तेच. भाकड गायही रवंथ करते, ढेकर देते, आणि खाल्लेल्या वैरणीतली सहा-सात टक्के ऊर्जा त्या वायूबरोबर निघून जाते. दूध मात्र शून्य.

खुराक तोडलात ती मात्र खरी चूक (मीही केलीय). वासराची बरीचशी वाढ शेवटच्या दोन महिन्यांत होते. व्यायल्यावर दूध झपाट्याने वाढतं, भूक मागून येते, आणि मधली तूट गाय अंगावरच्या चरबीतून भरून काढते. अंगावर काहीच नसेल तर ती माज कुठून दाखवणार? मात्र लठ्ठही करू नका, त्या गाई विताना त्रास देतात.

माज बघायचा तर रात्री जेवणानंतर आणि पहाटे धारेआधी अर्धा तास नुसतं गोठ्यात उभं राहायचं. मोबाईल घरी. दुसरी अंगावर चढली तरी जी हलत नाही ती माजावर. सकाळी दिसली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसली तर सकाळी. 21 दिवसांनी पुन्हा नजर ठेवायची, दोन महिन्यांनी गाभण तपासणी. मोकळ्या गोठ्यात हे सोपं जातं. बांधलेल्या गाईंचे मुके माज (बाहेरून न दिसणारे) मी किती चुकवलेत ते विचारू नका.

शेणकाला:
ताईंचं पटलं, पण पावडर सगळीच खोटी नसते. 3-एनओपी नावाच्या द्रव्याने दुभत्या गाईंचा मिथेन 30 टक्क्यांच्या आसपास कमी होतो, हे चाचण्यांत दिसलंय. पण ते रोज खाद्यात मिसळून द्यावं लागतं आणि त्याने दूध वाढेलच असं नाही. मिथेन घटल्याचे पैसे कोणी देणार नसेल तर तुमच्यासाठी तो निव्वळ खर्च. आणि विक्रेत्याला विचारा, पुड्यात नक्की काय आहे?

मी मांसासाठी रेडे वाढवतो. भाकड दिवस आमच्याकडेही असतात, फक्त नाव वेगळं. वजन न वाढता खाल्लेला दिवस तो भाकडच. दर महिन्याला छातीचा घेर टेपने मोजतो. जागचा हलला नाही तर आधी जंताचं औषध, खुराक वाढवणं मागून.

रवंथ:
ताई, कपाट उपसलं. 9 गाईंच्या रेतनाच्या पावत्या सापडल्या. व्यायल्याच्या तारखा घरच्यांना विचारून जुळवल्या. सरासरी अंतर साडेपंधरा महिने. एकीचं तर 21. तिला सात वेळा रेतन झालंय, दर वेळी उलटली, गाभण राहिलीच नाही. तिचं काय करू?

पहाटेची_धार:
तिसऱ्यांदा उलटली तेव्हाच डॉक्टरांना गर्भाशय तपासायला सांगायचं होतं. आता तरी तपासा, आणि त्यांनी आशा नाही म्हटलं तर जीव अडकवू नका. ज्या तिघींच्या पावत्या नाहीत त्याही त्याच दिवशी तपासून घ्या. माझी एक रिकामी समजलेली काळी पाच महिन्यांची गाभण निघाली होती, आणि मी तिला पुन्हा रेतन करायला निघाले होते.