दुइलिओच्या १०० टनी तोफा: खरंच कामाच्या होत्या का?

दर्यावर्दी:
आयर्नक्लॅड, म्हणजे लोखंडी चिलखताच्या जुन्या युद्धनौकांवर वाचत होतो, इटलीच्या दुइलिओपाशी येऊन अडकलोय. मोठ्या तोफा फक्त चार, प्रत्येकी १०० टन, ४५० मिलिमीटर तोंडाच्या आणि त्याही ठासणीच्या! दोन टरेट (तोफांचे फिरते बुरूज) जहाजाच्या मधोमध, पण एका ओळीत नाहीत, तिरपे ठेवलेत. ते का? आणि टरेटमधली एवढी अजस्र तोफ तोंडातून भरायची कशी? जहाज कधी लढलंच नाही, मग नुकत्याच एक झालेल्या देशानं एवढा पैसा कशाला ओतला?

बारूदखाना:
तिरपे यासाठी की चारही तोफा समोर मारता याव्यात. १८६६ ला लिस्साच्या समुद्री लढाईत ऑस्ट्रियाच्या जहाजानं इटलीचं रे दि'इतालिया धडक देऊन बुडवलं, त्यानंतर सगळ्या नौदलांना धडकेचंच वेड लागलं होतं, त्यामुळे शत्रूच्या अंगावर जाता जाता मारा करायचा हा हिशोब. दुइलिओच्या नाळेलाही पाण्याखाली धडकेसाठी टोक होतंच.
भरायला कुणी बाहेर जायचं नाही हो. टरेट ठरलेल्या जागी फिरवायचं, तोफेचं तोंड खाली झुकवायचं आणि डेकखालून हायड्रॉलिक दांड्यानं दारू न् गोळा आत ढकलायचा. गोळा ९०० किलोच्या आसपास, एका तोफेला दोन बारांमध्ये साधारण १५ मिनिटं! मार्च १८८० मध्ये दुइलिओवरचीच एक तोफ फुटली, म्हणजे तंत्र किती ताणलेलं होतं बघा.

कोकणकडा:
मला डिझाइनर बेनेडेत्तो ब्रिनचं जास्त कौतुक वाटतं. १८७३ ला इटलीतल्या कास्तेल्लामारेला काम सुरू झालं तेव्हा ठरलेल्या तोफा बऱ्याच लहान होत्या, बांधता बांधता वाढवत १०० टनांवर नेल्या. चिलखताचीही तीच कथा, १८७६ ला ला स्पेझियाजवळ १०० टनी तोफेनं ५५ सेंटीमीटरच्या प्लेटांवर गोळे मारून पाहिले, लोखंडी प्लेटा फुटल्या आणि फ्रान्सच्या श्नायडरच्या पोलादी प्लेटांना तडे गेले पण गोळा आरपार गेला नाही, म्हणून पोलाद घेतलं. मागच्या बाजूला पोटात एक टॉर्पेडो बोटसुद्धा ठेवायची सोय होती. कसली कल्पना आहे!

बारूदखाना:
कौतुक मान्य, पण जाड चिलखत फक्त मधल्या भागाला, दोन्ही टोकं उघडी, तिथं सगळी भिस्त पाणबंद कप्प्यांवर. पुढं भराभर मारणाऱ्या लहान तोफा आल्या, त्यांनी ही टोकं चाळणी करून टाकली असती.

तांडेल:
पैसा वाया गेला असं मला नाही वाटत. ब्रिटिशांनी उत्तर म्हणून इन्फ्लेक्सिबल हे जहाज बांधलं, शिवाय दुइलिओच्या तोफा बनवणाऱ्या आर्मस्ट्राँग या ब्रिटिश कंपनीकडूनच तशाच चार तोफा घेऊन दोन माल्टाला आणि दोन जिब्राल्टरला बसवल्या. भूमध्य समुद्रात ब्रिटिश आरमाराला असा विचार करायला लावणं ही त्या काळच्या इटलीसाठी लहान गोष्ट नाही. त्यातल्या दोन तोफा आजही जागेवर आहेत, माल्टात रिनेलाला आणि जिब्राल्टरला नेपियर ऑफ मॅग्डाला बॅटरीवर. हा नेपियर म्हणजे १८६८ च्या अॅबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेचा ब्रिटिश सेनापती, ती मोहीम मुंबईहून निघाली होती.

दर्यावर्दी:
वा, चारी तोफा समोर मारायचा मुद्दा आत्ता डोक्यात शिरला. मग नंतर जहाजाचं काय झालं?

कोकणकडा:
१९०९ ला नौदलातून काढलं आणि तेल साठवायची तरंगती टाकी केली. जोडीचं दांदोलो मात्र १८९० च्या दशकात नव्यानं बांधून काढलं, १०० टनी तोफा उतरवल्या आणि लहान, पटपट मारणाऱ्या २५४ मिलिमीटरच्या बसवल्या, ते पहिल्या महायुद्धापर्यंत टिकलं.