रविवारी पाचला हॉलचा पडदा हवा आहे

प्रेषक: कार्यवाह (सध्या मुक्काम सांगली)
शनिवार, २६ जुलै २०२५

मंडळी, नमस्कार.

उद्या बासेलला महिला युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल, इंग्लंड विरुद्ध स्पेन. तुमच्याकडे इंग्लंडात संध्याकाळी पाच, इथे सांगलीत रात्री साडेनऊ. नेमकी तेव्हाच आपल्या हॉलवर मंगळागौरीची तालीम आहे. कळकळीची विनंती: तालीम साडेतीनला घ्या, पाचला पडद्यावर मॅच लावा. आणि मुलींना आणाच.

इथे घरात आठवडाभर दुसरा विषय नाही. माझी भाची चौदा वर्षांची, फुटबॉल खेळते. मैदानाचा नुसता राडा झालाय. आल्या आल्या पोरगी बुटांत पेपरचे बोळे कोंबते, सकाळी भिजलेले काढून कोरडे घालते. तळव्याचा चिखल काडीनं उकरत ओट्यापाशी बसलेली असते. मैदान मुलींना मिळतं ते मुलांचं झाल्यावर, अंधार पडता पडता. मला त्याचा फार राग येतो.

ती स्पेनकडून. दादानं तिला २०२२ साली नेरुळला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाची फायनल दाखवली होती. स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरलेली विकी लोपेझ आता मोठ्या संघात आहे, आजच एकोणीस वर्षांची झाली.

---

प्रेषक: खजिनदार

वहिनी, पडदा लावतोच. तालीम साडेतीनला, सगळ्यांना कळवलंय.

पण आम्ही इंग्लंडकडून! स्वीडनविरुद्ध ७९व्या मिनिटापर्यंत ०-२ मागे, तिथून पेनल्टीवर जिंकल्या. इटलीविरुद्ध ९६व्या मिनिटाला मिशेल अग्येमांगनं बरोबरी केली, तीही एकोणीसचीच. ११९व्या मिनिटाला क्लोई केलीची पेनल्टी अडली आणि परत आलेला बॉल तिनंच आत मारला. माझी लेक सोफ्यावरून उठून रडत होती.

मैदानाचं वाचून वाईट वाटलं. इथेही १९२०च्या बॉक्सिंग डेला लिव्हरपूलला बायकांच्या मॅचला ५३,००० लोक आले होते. पुढच्याच वर्षी फुटबॉल असोसिएशननं आपली मैदानं बायकांना बंद केली, ती पन्नास वर्षं. भाचीला हे जरूर सांगा.

---

प्रेषक: कार्यवाह

भाऊजी, वाचून दाखवलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "तरी स्पेनच." स्पेनची बोनमाती स्पर्धेच्या तोंडावर मेंदूज्वरानं दवाखान्यात होती आणि जर्मनीविरुद्ध ११३व्या मिनिटाला गोल तिनंच केला, हे तिला तोंडपाठ आहे. ५ जुलैला भारताच्या मुलींनी थायलंडला २-१ हरवून आशिया कपची पात्रता मिळवली, तेव्हापासून तर तिचं पाऊल जमिनीवर नाही.

परवा पहिला श्रावणी सोमवार, आईचा उपास. तरी जागणार म्हणते. नऊच्या आत जेवणं उरका असं तिनं बजावलंय. दादानं इन्व्हर्टर चार्ज करून ठेवलाय. मॅचआधी पाच मिनिटं व्हिडिओ कॉल लावा, आईला हॉलमधल्या मुली बघायच्या आहेत.