५०-० ठीक, पण जोड कोणाशी?

भाऊ, सर्वांत भारी बॉक्सर कोण, तर ‘मेवेदर ५०-०, विषय संपला’, म्हणजे ५० लढती जिंकल्या, हरला एकही नाही, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. आमच्या अमळनेरकडे जत्रेत मल्लाने किती कुस्त्या मारल्या हे कोणी विचारत नाही, जोड कोणाशी लागली ते विचारतात. नारळावरच्या कुस्त्या काय, पोरंही मारतात. जोड हलकी दिसली की कडेला बसलेले म्हातारे मिशीत हसतात, "हाई काय कुस्ती शे का?"

मेवेदरची ५०वी लढत आठवा. २०१७, समोर मॅकग्रेगर, ज्याची व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती पहिलीच लढत! नारळच की तो. (२०१५ मध्ये पॅकियाओ या तगड्या बॉक्सरला मात्र गुणांवर व्यवस्थित हरवलं, ते मान्य. बचावात त्याचा हात धरणारा नाही.)

आता बॉक्सर मुहम्मद अली. ५६ विजय, ५ पराभव. त्या पाचातले तीन शेवटच्या चार लढतींतले, १९७८ ते १९८१, पाय जड झाल्यावरचे. आणि ऐन पंचविशीत, १९६७ पासून साडेतीन वर्षं, त्याला रिंगणात उतरूच दिलं नव्हतं. तरी लिस्टन, फ्रेझियर, फोरमन असे त्या काळचे तगडे बॉक्सर, एकालाही टाळलं नाही गड्याने.

पॅकियाओचे आठ पराभव मोजणाऱ्यांनी आधी त्याने आठ वजनगटांत मारलेली विजेतेपदं मोजावीत.