मॅट्रिक्स शिकायला काय घेऊ? बजेट ५०० रु.

कडक_भाकरी: सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेवर टू-डी गेम करतोय. तिरक्या टाइल्स, ६४ बाय ३२. जावास्क्रिप्ट, कॅनव्हास (ब्राउझरमधला चित्र काढायचा फळा). झूम केला की भज्याच्या स्टॉलवर क्लिक करावं तर शेजारचा पाळणा फिरतो. माउसची जागा गेमच्या जगात आणायला मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते) लागतात म्हणे. पुस्तक किंवा कोर्स सुचवा. लॅपटॉप ४ जीबीचा, बजेट ५००.

सातरस्ता: साडेतीन हजाराचा कोर्स घे, डोळे झाकून. ७२ तासांचे व्हिडिओ. मी अकराव्या तासावर हाय.

जुनी_गिरणी: पैसे घालवू नका. बारावीच्या गणितात मॅट्रिक्सचा धडा आहे, इन्व्हर्ससकट (म्हणजे उलट मॅट्रिक्स). रद्दीत दहा रुपयांना मिळेल.

पिक्सेलपंत: युनिटी घ्या, गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर. स्क्रीन-टू-वर्ल्ड-पॉइंट, एका ओळीत काम. माझा त्यात आठवडा गेला ती गोष्ट वेगळी. झेड शून्य दिला होता, कुठंही क्लिक केलं तरी उत्तर कॅमेऱ्याचीच जागा! तिथं कॅमेऱ्यापासूनचं अंतर द्यायचं असतं.

सातरस्ता: ४ जीबीवर युनिटी? चहा करून ये तोवर.

थ्रीडी_राजे: माउस −१ ते १ मध्ये आणा, वाय उलटा करा, व्ह्यू-प्रोजेक्शनच्या (थ्री-डी कॅमेऱ्याच्या मॅट्रिक्सच्या) इन्व्हर्सनं गुणा, मग डब्ल्यूनं भागा. मी हे कॉलेजात असतानाच केलंय.

शेंगा_चटणी: त्याचा गेम टू-डी हाय बे. आणि मिरवणुकीतले नंदीध्वज (उंच मानाच्या काठ्या) सात दाखव, मोजून. लोक सोडणार नाहीत.

उलटा_वाय: कोड न बघता सांगतो, क्रम चुकलाय. चित्र काढताना आधी झूमनं गुणतोस, मग सरकवतोस. परत येताना आधी सरक वजा, मग भागाकार. माउस ५००, सरक १००, झूम २ धर: (५००−१००)÷२ = २००. तू बहुतेक ५००÷२−१०० = १५० काढतोयस. झूम १ असला की दोन्हीचं उत्तर एकच, म्हणून तेव्हा चालतं. मग टाइलचे दोन नंबर: एक्स÷६४ + वाय÷३२, आणि वाय÷३२ − एक्स÷६४. दोन्हीला फ्लोअर (खालचा पूर्णांक) लाव, नुसता दशांश छाटू नको. छाटलंस तर −०.५ चं ० होतं आणि काठावरची टाइल चुकते.

मॅट्रिक्सच पाहिजे तर कॅनव्हासकडं आयतं आहे: गेट-ट्रान्सफॉर्म, त्याचा इन्व्हर्स, मग ट्रान्सफॉर्म-पॉइंट. फक्त रिस्टोर (झूम-सरक पुसून जुनी स्थिती आणणं) करायच्या आधी घे. मी नंतर घेतलं होतं, हातात कोरं एकक मॅट्रिक्स, काहीच न बदलणारं! रात्रीचे दोन वाजले शोधताना.

जुनी_गिरणी: तेच म्हणतोय मी. बारावीचं पुस्तक.

पिक्सेलपंत: युनिटीत हे काहीच करावं लागत नाही.

शेंगा_चटणी: चटणीचा स्टॉल आहे का नाही गेममध्ये?

कडक_भाकरी: आहे, पाळण्याच्या पलीकडं. सगळ्यांचे आभार. उलटा_वाय, अगदी तीच वजाबाकी होती, सापडली. पण म्हटलं, कशाला डोक्याला ताप. झूमच काढून टाकला. ५०० चा नवीन माउस आणला.

सातरस्ता: कोर्सचं लॉगिन निम्म्यात देतो. कुणाला?