फ्लास्क २.३ केल्यावर तारखांचा फॉरमॅट बदलला, मराठी मजकुराचे कोड झाले

प्रश्न
फ्लास्क (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) २.१ वरून २.३ वर आल्यापासून एपीआयमधून '२०२५-०१-१५' ऐवजी वार, महिन्याचं नाव आणि शेवटी जीएमटी अशी लांबलचक तारीख जातेय. 'पुणे'च्या जागी बॅकस्लॅश-यूचे चार कोड. पायथनच्या जेसनएन्कोडरवरून केलेला क्लास अ‍ॅप.जेसन_एन्कोडरला दिलेला आहे, जेसन_अ‍ॅज_अ‍ॅस्की फॉल्स आहे. एरर काहीच नाही.

उत्तर १
एरर येणारही नाही. ही दोन्ही सेटिंग्ज २.२ मध्ये डेप्रिकेट झाली (पुढे काढणार असं जाहीर झालं) आणि २.३ मध्ये काढली. तुम्ही ठेवलेली व्हॅल्यू पायथन मुकाट घेतो, फ्लास्क तिच्याकडे बघत नाही.

आता डिफॉल्टजेसनप्रोव्हायडरचा (फ्लास्कमधला जेसन बनवणारा क्लास) सबक्लास करा. त्यात एन्शुअर_अ‍ॅस्की = फॉल्स. डिफॉल्ट मेथडमध्ये डेट असेल तर आयसोफॉरमॅट ('२०२५-०१-१५' असं रूप देणारी मेथड), बाकी सगळं सुपरच्या डिफॉल्टकडे. ती शेवटची ओळ राहिली तर मेथड नन परत करते आणि डेसिमल, यूयूआयडी, डेटाक्लास यांच्या जागी गुपचूप नल जातं.

जोडताना अ‍ॅप.जेसन = तुमचाक्लास(अ‍ॅप). तयार अ‍ॅपवर जेसन_प्रोव्हायडर_क्लास बदलून उपयोग नाही, प्रोव्हायडर त्याआधीच बनलेला असतो.

उत्तर २
वरच्या उत्तरात वेळेचा घोळ होईल. डेटाबेसमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल आणि टाइमझोन नसेल, तर आयसोफॉरमॅट नुसतं 'टी१०:३०:००' देतो. भारतातला ब्राउझर ते इथलेच साडेदहा समजतो. खरे वाजलेले असतात संध्याकाळचे चार. म्हणून टीझेडइन्फो (टाइमझोनची माहिती) नन असेल तर आधी रिप्लेसने यूटीसी लावा, मग आयसोफॉरमॅट. ही तपासणी डेटटाइमची, आणि ती डेटच्या आधी हवी: डेटटाइम हा डेटचाच सबक्लास, उलट क्रमात त्याची पाळीच येत नाही.

प्रश्नकर्ता
दोन्ही जमलं. पण तारखेनुसार बेरजा देणारा एक रूट अजून टाइपएरर देतो. तिथे डिक्शनरीच्या कीच तारखा आहेत.

उत्तर २
डिफॉल्ट फक्त व्हॅल्यूंसाठी बोलावला जातो, कींसाठी नाही. रिटर्न करण्याआधी की स्वतः स्ट्रिंग करा. सगळ्या करा: सॉर्ट_कीज मुळात ट्रू असतं, त्यामुळे एखादी की आकडा किंवा नन राहिली तर सॉर्ट करताना पुन्हा टाइपएरर.