मदत हवी आहे : सुधारणा की क्रांती, सालदारांपुढे कसं मांडू?

नमस्कार मंडळी. शहाद्याजवळच्या आमच्या गावात अभ्यासमंडळ चालतं. पुढचा विषय माझ्या गळ्यात पडलाय : भांडवलशाही सुधारता येते की उलथावीच लागते?

जर्मन समाजवादी बर्नस्टाइनचं म्हणणं कळतं. मताधिकार, युनियन, सहकार यांच्या जोरावर समाजवाद टप्प्याटप्प्याने येईल. (सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखात हे वाचताना हसू येतं, ते सोडा.) क्रांतिकारक विचारवंत रोझा लक्झेंबर्ग १८९९ मध्ये त्याला उत्तर देते, पण सुधारणा नाकारत नाही. सुधारणांचा लढा हे साधन, क्रांती हे ध्येय. मात्र युनियनच्या लढ्याला ती ग्रीक पुराणकथेतल्या सिसिफसचं काम म्हणते. धोंडा वर ढकलायचा, तो पुन्हा खाली येणार. माझं अडतंय ते इथेच.

समोर बसणारे बरेचसे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतमजूर. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरतं, उचल घेतली की वर्षभर ती फेडत राहायचं. म्हातारे तर १९७२ च्या इथल्या श्रमिक संघटनेत होते, आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंतींच्या काळातले. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी आणि मजुरी यांसाठी ते झगडलेत. त्यांना ‘तुमचं सगळं धोंडा ढकलणं’ असं सांगितलं तर उठून जातील, आणि बरोबरच करतील.

तेव्हा जाणकारांनी सांगावं : रोझाचा रोख मजुरीवाढीच्या मर्यादेवर आहे, की लढ्यातून येणाऱ्या जाणिवेलाही ती कमी लेखते? आणि जमीन परत मिळवणं सुधारणेत मोडतं की त्यापुढचं? मराठीत सोप्या भाषेतलं काही असेल तर तेही सुचवा. अहिराणीत कोणी बोललं असेल तर सोन्याहून पिवळं.